सावलीचा पत्ता

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालं की दोन्हींतला फरक अंगाला कळतो. वर अजिंठ्याच्या रांगेवरचं बुलढाणा, वऱ्हाडातलं थंड हवेचं गाव म्हणून नावाजलेलं. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो आणि सिमेंटचे रस्ते रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात.

अशा गावात झाडाचं मोल दुपारी एक वाजता कळतं. रसवंतीवाला, चपला शिवणारा, एसटीची वाट पाहणारी लेकुरवाळी, बाजार समितीत माल घेऊन आलेला शेतकरी हे सगळे सावलीच्या तुकड्यावर दिवस काढतात. झाड दोन प्रकारे गारवा देतं: ऊन वरच्यावर अडवतं आणि मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफेच्या रूपात सोडतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार सावलीतले पृष्ठभाग भर उन्हातल्यांपेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड असू शकतात.

त्यातही कडुनिंबाचं वेळापत्रक वऱ्हाडासाठीच आखल्यासारखं आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पानं गाळतो, पाडव्याच्या सुमारास पालवतो, फुलतो आणि वैशाखवणवा पेटतो तेव्हा त्याचा घेर दाट झालेला असतो. करंजाचीही तऱ्हा साधारण अशीच. तरीही नव्या वसाहतींत लवकर वाढणारी शोभेची झाडं लावण्याकडे कल दिसतो. हा कल बदलायलाच हवा.

महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. तो नगरपालिकांनाही लागू आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, तोडीची परवानगी, सगळं त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावण्याचं बंधन घातलं. झाडाची वर्षं मोजणं ही मोठी सुधारणा होती.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात, नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना, पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी होणाऱ्या वृक्षतोडीचं प्रकरण गाजलं. न्यायालयाने नेमलेल्या समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली. त्यातले ४५,००० रुपये निव्वळ ऑक्सिजनचे. झाडाला पैशात तोललं गेलं, हे चांगलंच झालं. तोडणाऱ्याला निदान हिशेब तरी द्यावा लागेल.

पण ऑक्सिजन वाऱ्यासोबत कुठेही जातो, सावली जात नाही. बोथा घाटातलं ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. खामगावहून बुलढाण्याला जाताना ते वाटेतच लागतं. त्या जंगलाचं मोल वेगळं आणि अफाट आहे, मात्र तिथली लाख झाडं खामगावच्या बाजारातल्या एका हातगाडीवर सावली धरू शकत नाहीत. म्हणून चौकातला जुना निंब पाडून त्याच्या बदल्यात गावाबाहेरच्या माळावर ६० रोपं लावली, तर संख्येची भरपाई होते, हातगाडीवाला मात्र उन्हातच राहतो. झाडाचं वय मोजलं, तसा त्याचा पत्ताही मोजायला हवा.

पाण्याची सबब इथे नेहमी पुढे येते, आणि टंचाई खरीही आहे. पण शेगावला गजानन महाराज संस्थानाने उजाड जमिनीवर, तलाव खोदून, आनंदसागर हिरवं केलं ते याच जिल्ह्यात. रोज कुणी तरी पाणी घालण्याची जबाबदारी घेतली, की वऱ्हाडातही झाड जगतं.

उभ्या झाडांची आबाळ तर वृक्षतोडीहून जास्त टोचते. रस्ता सुशोभित करताना गट्टू थेट खोडाला भिडवले जातात. मुळांना ना पाणी, ना हवा. मग वादळात झाड कोसळतं आणि दोष वादळाला दिला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. हे काम कुठल्याही नगरपालिकेला एका उन्हाळ्यात, पहारीने आणि चार मजुरांच्या हातून करता येईल. पुढच्या वृक्षगणनेत प्रजाती, उंची आणि घेर यांच्या शेजारी आणखी एक रकानाही घालता येईल: या झाडाखाली दुपारी कोण बसतं.