नियम आणि वहिवाट

सेंटओएस ६ या लिनक्सच्या जुन्या सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवला की पुष्कळदा तो सुरूच होत नाही. ‘जीलिबसी २.१४ सापडली नाही’ एवढं सांगून थांबतो. कोड ठीक, बिल्ड बिनतक्रार, तरी ही अडवणूक. परवा असाच वैतागलो असताना शेजारचा तरुण सहकारी म्हणाला, ‘‘लायब्ररीनं स्टँडर्ड पाळलं की तिची जबाबदारी संपली. पुढचं ज्याचं त्यानं निस्तरावं.’’ माझंही मत तेच होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते पटेना.

जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी; तिच्याशिवाय तिथे पान हलत नाही. मेमरीतला मजकूर इकडून तिकडे न्यायला तिच्यात दोन फंक्शन्स आहेत, मेमकॉपी आणि मेममूव्ह. उगमाची आणि मुक्कामाची जागा एकमेकींवर चढत असेल तर मेममूव्हच वापरायचं, असा सी भाषेचा नियम आहे. २०१० मध्ये वेगासाठी मेमकॉपी नव्यानं लिहिली गेली आणि काही प्रोसेसरांवर ती शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करू लागली. फेडोरा १४ या लिनक्सवर ६४-बिट फ्लॅश या ब्राउझर प्लगिनचा आवाज बिघडला तो यामुळे; एकमेकींवर चढणाऱ्या जागांनाही ते मेमकॉपीच वापरत होतं.

नेमकं काय होतं बघा. पाच घरांत अ, ब, क, ड, इ आहेत आणि शेवटची तीन अक्षरं पहिल्या तीन घरांत आणायची आहेत. पुढून सुरुवात केली तर क, ड, इ नीट येतात. मागून केली तर तिसऱ्या घरात आधी इ बसतो, क पुसला जातो आणि हाती येतं इ, ड, इ. कुठलाही एरर नाही, क्रॅश नाही. मजकूर तेवढा मुकाट्यानं नासतो.

चूक फ्लॅशची होती, यात वाद नाही. पण फ्लॅशचा कोड बंद. वापरणाऱ्याला तो दुरुस्त करता येणार नव्हता. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः खोदकाम करून मेमकॉपीला मेममूव्हसारखं वागू द्या, असा आग्रह धरला तो म्हणूनच.

इथे मला शेतातल्या रस्त्याचे खटले आठवतात. सातबारा एकाचा, पण वाट गावाची. १८८२ चा सुखाधिकार कायदा वीस वर्षांच्या उघड, अखंड वहिवाटीला हक्क मानतो आणि वाट अडवली तर आजही तहसीलदाराकडे दाद मागता येते. कागद खोटा ठरत नाही. फक्त तो एकटा पुरत नाही.

माझा सहकारी म्हणेल, असं चुकांना हक्क देत बसलात तर लायब्ररी सुधारणार कधी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर जीलिबसीनंच २०११ मध्ये दिलं. आवृत्ती २.१४ मध्ये मेमकॉपीची दोन रूपं झाली. आधी बिल्ड झालेल्या प्रोग्रॅमना मेममूव्हसारखं वागणारं जुनं रूप आणि नव्यानं बिल्ड होणाऱ्यांना नियमाचं कडक रूप. जुन्यांची वहिवाट राहिली, नव्यांना नियम लागला.

याची किंमत म्हणजे मला छळणारा तो निरोप. नव्या मशीनवर बिल्ड केलं की प्रोग्रॅम २.१४ मागतो; सेंटओएस ६ वर आहे २.१२. तेव्हा हा भुर्दंड बिल्ड करणाऱ्यावर पडतो, वापरणाऱ्यावर नाही, आणि तो तिथेच पडायला हवा, कारण दुरुस्ती फक्त त्याच्याच हातात असते. त्या निरोपावर चिडू नका. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम चालवायचा, तिच्यावरच तो बिल्ड करा.