देणगी की परतफेड?

कलाकृती चव्हाट्यावर मांडली म्हणजे ती सार्वजनिक झाली, असा एक सोयीस्कर समज आहे. औंधच्या संग्रहालयाचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस तो अपुरा वाटतो.

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आपला संग्रह राजवाड्यात कोंडून न ठेवता त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्याच्यासाठी स्वतंत्र इमारत उघडली. जागा मोठी मार्मिक आहे. राजा रविवर्म्याची चित्रे पाहावयास खेडुताने मुंबई गाठावयाची गरज उरली नाही. कुलदेवीच्या दर्शनास जाता-येता ती त्याच्या वाटेवर आली. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची 'माता आणि मूल' ही कृतीही तेथेच आहे.

यास राजाचे औदार्य म्हणावे काय? संस्थानिकाचे वैभव अखेर रयतेच्या साऱ्यावर उभे असते. औंधचा मुलूख विखुरलेला होता. आज सांगली जिल्ह्यात मोडणारी दुष्काळी आटपाडीही त्यातच होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढे जिल्ह्यांची वाटणी झाली, आणि ज्या संग्रहात आटपाडीच्या घामाचाही वाटा होता, तो सातारा जिल्ह्यात राहिला. आमच्या मते ही देणगी नव्हे, परतफेड होय. भवानरावांचा यात अधिक्षेप नाही. ज्याने १९३९ साली राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपविला, त्याला हा हिशेब निराळा शिकवावा लागला नसता.

पण मालकी परत केली म्हणजे आपलेपणा येतोच, असे नाही. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वेळच्या देवालयाच्या आवारात, एक मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर ती पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आली. तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. इथेही माता आणि मूलच, आणि तीही परदेशीच. परंतु मूरच्या मातेची ओळख करून देण्यास फलक लागतो. ही माता घाटावर इतकी मुरली आहे की, महादेवाच्या दारी तिचे काय काम, असे कोणी विचारीत नाही.

म्हणून ती मेणवलीचीच झाली काय? ती युद्धातली लूट होती, हे प्रेमाने पुसले जात नाही. तिच्या नादावर ज्यांची प्रार्थना चाले, त्या वसईकरांचा हक्क संपला, असे आमच्याने म्हणवत नाही. मेणवलीपासून ती हिरावून घ्यावी, असेही म्हणवत नाही. आटपाडी आणि वसई यांची स्थिती या बाबतीत फारशी वेगळी नाही. वस्तू दुसऱ्याच्या अंगणी, आणि आपला वाटा कोणी उच्चारीत नाही.

आटपाडीची शाळकरी मुले सहलीस औंधास आली, तर त्यांना राजाच्या दातृत्वाची कथा सांगावी, की त्यांच्या खापरपणज्याने भरलेल्या साऱ्याची? आम्ही दुसरी सांगू, आणि मग त्या मूरच्या मातेसमोर त्यांना हवा तितका वेळ कलकलाट करू देऊ.