विकतची दुपार

दुपारच्या झोपेबद्दल मला कधी अपराधी वाटलेलं नाही. आम्ही मूळचे पुण्याचे, आणि पुण्यात दुपारी एक ते चार ही वेळ देवधर्माच्या खालोखाल पवित्र. 2017 साली चितळे बंधूंनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. ती वाचून आमचे एक शेजारी "आता राहिलं काय!" म्हणाले आणि कूस बदलून परत झोपले. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडावं हे ज्यांनी 'वामकुक्षी' या शब्दातच सांगून ठेवलं, त्या पूर्वजांविषयी मला नितांत आदर आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण रविवारची दुपार मी कुणाच्या बापाला दिली नाही.

अशा माणसावर भर दुपारी, भर रस्त्यात उभं राहून झोपेविरुद्ध भाषण करायची पाळी आली. स्थळ फ्लॉरिडातलं डिस्नेचं मॅजिक किंग्डम, वेळ जुलै 2019, दुपारचे बारा. श्रोते म्हणजे आमचे चिरंजीव, सूनबाई, पाच वर्षांची नात, अडीच वर्षांचा नातू आणि आमची ही.

झालं होतं असं. चिरंजीव तिकडे नोकरीला. आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी गेलेलो. मुलांना डिस्ने दाखवायचं फार दिवस घाटत होतं, त्यात आजी-आजोबा आयते मिळाले. चिरंजीवांनी वेळापत्रक बनवलं. आमच्या बँकेच्या वार्षिक ताळेबंदाला लाजवील असं ते वेळापत्रक होतं. कुठल्या पाळण्याला किती वाजता, आधी कुठलं, मग कुठलं, बाथरूम कुठे, सगळं. काही पाळण्यांच्या वेळा तर त्यानं महिनाभर आधी राखून ठेवल्या होत्या. हे सगळं मला मान्य होतं. मधला एक रकाना मात्र मान्य नव्हता. त्यात लिहिलं होतं : 'बारा ते साडेचार – हॉटेल. झोप.'

आता हिशेब करा. तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. तीन वर्षांखालच्याला माफ, म्हणून नातू फुकट. दहाच्या आतल्यांना जरा कमी, पण ते कमी म्हणजे आपल्याकडे एस्टीत अर्धं तिकीट असतं तसं नव्हे, नुसतं नावाला. म्हणजे पाच तिकिटांचे पाचशे डॉलर धरून चाला. बाग उघडी असणार बारा-एक तास. तासाला चाळीसेक डॉलर. त्यातले साडेचार तास झोपायचं म्हणजे एकशे ऐंशी डॉलरची झोप. मी त्याला सत्तरनं गुणलं. (परदेशात गेलेल्या मराठी माणसाला गुणाकार सोडवत नाही. चहा पिताना गुणतो, मुतारीला जाताना फुकट आहे म्हणून हळहळतो.) साडेबारा हजार रुपये! एवढे पैसे मोजून मी आजवर एकदाही झोपलो नव्हतो. बँकेतल्या माझ्या सुरुवातीच्या पगारातून ही झोप घ्यायची तर दोन वर्षं जागं राहावं लागलं असतं.

सकाळ मोठी छान गेली, हे सांगितलं पाहिजे. नऊला आत शिरलो तेव्हा हवा बरी होती. 1917 साली बनवलेले लाकडी घोडे तिथे अजून गरगर फिरताहेत. त्यांच्यावर नात बसली आणि तिच्या शेजारच्या घोड्यावर, वयाचा विचार न करता, मी. उडत्या डंबोत बसलो. जगभरच्या पोरांच्या बाहुल्या एकच गाणं म्हणत असतात त्या होडीतून गेलो. ते गाणं अजून डोक्यातून गेलेलं नाही. अकरापर्यंत आमच्याइतकं सुखी कुटुंब फ्लॉरिडात नसेल.

मग ऊन चढलं. फ्लॉरिडातलं जुलैचं ऊन म्हणजे आपला कोकणातला मे महिना : घाम येतो आणि वाळत नाही. रांगा दुप्पट झाल्या. साडेअकराला नातीच्या हातातल्या मिकीच्या आइस्क्रीमचा कान गळून पडला आणि तिनं जो टाहो फोडला, तो कानासाठी नव्हता हे कुणालाही कळलं असतं. गंमत म्हणजे ती एकटी नव्हती. बाराच्या सुमारास त्या बागेत जिकडेतिकडे मुलं रडायला लागतात. स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रजी, गुजराती! रडण्याला भाषा नाही म्हणतात ते खोटं आहे. आयांच्या दटावण्यावरून बरोबर ओळखू येतं.

"चला, निघू या," चिरंजीव म्हणाले.

"निघू या म्हणजे? आत्ता कुठे आलोय!"

"बाबा, त्याच तिकिटावर परत येता येतं. संध्याकाळी गर्दीही थोडी ओसरते. रात्री आतषबाजी आहे, तोपर्यंत मुलं टिकायला नकोत?"

"आणि मधल्या वेळाचे पैसे?"

"ते गेलेच आहेत. आपण इथे थांबलो तरी गेले आणि झोपलो तरी गेले. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. त्याचा विचार करायचा नसतो."

हे वाक्य मला लागलं. छत्तीस वर्षं मी बँकेत होतो. बुडीत गोष्टीचा विचार करायचा नसतो असं आमच्याकडे कुणी म्हणालं असतं तर त्याची चौकशी लागली असती. बुडीत कर्जामागे आम्ही माणसं पाठवायचो.

पण खरं सांगतो, प्रश्न नुसता पैशांचा नव्हता. आमच्या पिढीवर एक संस्कार झाला तो ताटाचा. पानात टाकायचं नाही. पोट भरलं असो, दुखत असो, वाढलेलं संपवायचं. लग्नाच्या पंगतीत आम्ही जिलब्या संपवल्या आहेत त्या भुकेनं नव्हे, नीतीनं. तोच नियम आम्ही पुढे सगळ्यालाच लावला. सिनेमा रद्दी निघाला तरी शेवटपर्यंत बघायचा. सहलीत एक ठिकाण राहिलं तर घास टाकल्यासारखं वाटायचं. समोर एवढा पाचशे डॉलरचा दिवस वाढलेला असताना अर्ध्यावर आपोष्णी घेऊन उठायचं कसं? आणि समजा, मुलं रडत रडत का होईना सगळे पाळणे बसली, तर पाहिलं ते पाहिलंच ना? असा माझा युक्तिवाद होता.

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. "हे सगळं कुणासाठी चाललंय? मुलांसाठी. मग त्यांनाच विचारा की!"

विचारलं. नात हुंदके देत, डोळे चोळत म्हणाली, "मला नाही जायचं! मला झोप नाही आलीये!" आणि पुन्हा भोकाड.

"बघा," मी म्हणालो.

"बाबा, ती म्हणतेय ते ऐकायचं की तिचे डोळे बघायचे?" सूनबाई म्हणाल्या. सूनबाई कमी बोलतात, त्यामुळे त्यांना उत्तर द्यायला मला नेहमी दोन दिवस लागतात.

मी जाहीर केलं की ज्यांना जायचं त्यांनी जावं, आपण दोघं इथेच थांबू आणि आपल्या वाट्याचे तरी वसूल करू. 'दोघं' म्हटल्यावर ही म्हणाली, "मला नका धरू त्यात. माझे पाय सुजलेत," आणि बाबागाडीचा दांडा धरून चालायला लागली. म्हणजे मी एकटाच.

त्यांची फेरीही काही सोपी नव्हती. मॅजिक किंग्डमच्या दाराशी आपली गाडी नसते. तळ्यापलीकडे जायला मोनोरेल किंवा बोट, मग ट्रॅम, मग गाडी, मग हॉटेल. एकेक वाट तासाची. झोपायला अडीच तास आणि ये-जा करायला दोन. एवढ्या झोपेसाठी एवढी यातायात म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, असं मनाशी म्हणत मी उन्हात वसुलीला निघालो.

पहिली वसुली एका फिरत्या नाट्यगृहात केली. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' म्हणून आहे. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेलं, 1975 पासून इथे. त्यात रंगमंच जागेवर असतो आणि प्रेक्षकच खुर्च्यांसकट फिरतात. विजेमुळे घरसंसार कसकसा बदलत गेला ते यांत्रिक बाहुल्या सांगतात. वीसेक मिनिटांचा खेळ. आत गारवा, अंधार, मऊ खुर्ची. पहिल्या अंकात आइसबॉक्स आला एवढं आठवतं. नंतर दिवे लागलेले आठवतात. प्रगती कशी झाली ते बघायचं राहिलं म्हणून पुन्हा आत गेलो. या खेपेला आइसबॉक्सही पाहिला नाही. शेजारच्या दोन रांगांतही सगळे आजोबाच होते, आणि सगळे माझ्यासारखेच वसुली करत होते.

बाहेर आलो तर ढग दाटलेले. तिथे उन्हाळ्यात बऱ्याच दुपारी असं होतं. वीज कडाडली की उघड्यावरचे पाळणे बंद करतात. लोकांनी पिवळे-पांढरे प्लॅस्टिकचे रेनकोट चढवले. पीटर पॅनच्या रांगेवर छप्पर होतं, तिथे मी शिरलो. पाटीवर सत्तर मिनिटं लिहिलेलं. माझ्यापुढे एक गृहस्थ होते, चाळिशीतले. त्यांच्या खांद्यावर चार-पाच वर्षांचा मुलगा गाढ झोपलेला, तोंड उघडं, लाळेनं बापाचा शर्ट भिजलेला. रांग एकेक पाऊल सरकत होती आणि ते त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होते. मी नुसता हसलो तर म्हणाले, "बसायच्या वेळेला उठवीन त्याला. त्याच्यासाठीच तर आलोय."

उठवलं त्यांनी. सत्तर मिनिटांनी, गालावर टिचक्या मारून. पोरगं रडत रडत उडत्या जहाजात बसलं. उजव्या-डाव्या हातानं बाप दाखवत होता : ते बघ लंडन, ते बघ कॅप्टन हुक.

मला मुंबई आठवली. मे 1988. सकाळची डेक्कन क्वीन धरायची, संध्याकाळच्या डेक्कन क्वीननं परतायचं, मधल्या साताच्या आत तासांत चिरंजीवांना मुंबई दाखवायची. दाखवायची, हा आमचा खास शब्द. मूल मुंबई बघत नाही, बाप दाखवतो. वय वर्षं पाच. राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे आणि शेवटी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. दुपारचे साडेतीन झालेले. मत्स्यालयाच्या रांगेत तो फतकल मारून बसला आणि म्हणाला, "मला मासे नको." गाडीला दीड तास. हातात तिकिटं. मी त्याच्या थोबाडीत दिली. मग दंडाला धरून एकेका काचेसमोर उभं केलं आणि दाखवले. सगळे दाखवले. सोमवारी बँकेत सांगितलं, एका दिवसात सगळी मुंबई केली पोराला घेऊन. लोकांनी वाहवा केली. ती वाहवा मी घेतली, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

पाऊस थांबल्यावर मी एका ओल्या बाकावर रुमाल टाकून बसलो. वॉल्ट डिस्नेची एक हकीकत तो स्वतःच सांगत असे. शनिवारी तो मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जायचा. मुली फिरत्या घोड्यांवर, आणि हा बाकावर शेंगदाणे खात. आईबापांनी नुसतं असं बसून राहण्यापेक्षा दोघांना मिळून मजा करता येईल अशी जागा पाहिजे, हे त्याला तिथे सुचलं. त्यातून 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड झालं, आणि तो गेल्यावर पाच वर्षांनी, 1971 साली, हे फ्लॉरिडातलं. म्हणजे एवढा सगळा पसारा उभा राहिला तो एक बाप निवांत बाकावर बसला होता म्हणून! त्या दिवशी त्यानं वसुलीच्या नादात मुलींच्या मागे मागे पळायचं ठरवलं असतं, तर माझे साडेबारा हजार वाचले असते.

पावणेपाचला मंडळी परत आली. नात आंघोळ करून, दोन वेण्या घालून. नातू बाबागाडीत टुकुटुकु बघतोय. हिचे पायही उतरलेले.

"आजोबा, तुम्ही काय काय बघितलंत?" नातीनं विचारलं.

"आइसबॉक्स," मी म्हणालो.

मग आम्ही सगळे पुन्हा डंबोच्या रांगेत उभे राहिलो, तिला परत तेच पाहिजे होतं. वेळापत्रकात नव्हतं, तरी चिरंजीव काही बोलले नाहीत. पुढे बायका आणि मुलं, मागे आम्ही दोघं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"अरे, तुला आपण मुंबईला मत्स्यालय बघायला गेलो होतो ते आठवतं का?"

"आठवतं की."

"काय आठवतं?"

तो बाबागाडीचा पट्टा नीट करायला खाली वाकला. पट्टा तसा नीटच होता.

"मासे आठवतात," तो म्हणाला.

"नुसते मासेच?"

"बाबा, रांग सरकली. पुढे व्हा."