दूर जावे की जवळ राहावे?

मनुष्याच्या जीवनात असे काही प्रसंग येतात की त्या वेळी धर्म आणि अधर्म यांतून निवड करावयाची नसते. पुढचे दोन्ही मार्ग धर्म्यच असतात आणि म्हणूनच निवड अवघड होते. चोरी करावी की न करावी, हा प्रश्न सज्जनाला पडत नाही. परंतु विद्येसाठी घर सोडावे की घरच्यांसाठी जवळची विद्या पत्करावी, हा प्रश्न सज्जनालाच पडतो.

कुंभकोणात राहणाऱ्यांना ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू परिचित आहेत. येथील महामख तीर्थात दर 12 वर्षांनी गंगा आदिकरून नऊ नद्या स्नानास येतात, अशी श्रद्धा आहे. 2016 साली हा पर्वकाळ आला तेव्हा गावात पाऊल ठेवावयास जागा नव्हती. ज्यास काशीला जाणे शक्य नाही त्याच्या दारी गंगाच येते, हा त्या श्रद्धेचा भाव. आणि तरीही ह्याच गावचे गृहस्थ आयुष्यात एकदा तरी काशीयात्रा घडावी म्हणून झुरतात. आपल्या परंपरेने जवळच्या तीर्थाला हीन मानले नाही आणि दूरच्या यात्रेला निषिद्धही ठरविले नाही.

काही काळापूर्वी माझ्या परिचयाचे एक गृहस्थ मजकडे आले. त्यांचे घराणे तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून ह्या प्रांतात स्थायिक झालेले. घरात जुन्या वळणाची मराठी, बाहेर तमिळ. त्यांच्या कन्येला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत उत्तम गुण मिळाले होते. राज्याच्या जागांतून तंजावरच्या सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळत होता, आणि सरकारी महाविद्यालयांतील ज्या 15 टक्के जागा अखिल भारतीय गुणक्रमाने भरल्या जातात त्यांतून मुंबईत. तंजावर येथून सुमारे 40 किलोमीटर. मुंबई आगगाडीने सुमारे दीड दिवसाची वाट. मुलीचा ओढा मुंबईकडे होता. गृहस्थ म्हणाले, "शास्त्रीबुवा, घरात माझी वृद्ध आई आहे. तिची औषधे, तिचे पथ्य ही पोरगीच पाहते. मातापित्यांची आणि वडीलधाऱ्यांची सेवा हाच पहिला धर्म, असे शास्त्रवचन आपण तिला समजावून सांगावे."

वचनांस तोटा नाही. मी ती सांगण्यास तयारही झालो होतो. परंतु त्या दिवसांत गीतेवरील श्रीधरस्वामींच्या टीकेचे भाषांतर माझ्या हाती होते आणि मी पहिल्याच अध्यायात होतो. हा अध्याय आपण बहुधा घाईने ओलांडतो. शंकराचार्यांचे भाष्यही प्रत्यक्षात दुसऱ्या अध्यायातच सुरू होते, म्हणून विद्यार्थी पहिल्या अध्यायाला केवळ प्रस्तावना समजतो. शब्दाला शब्द शोधीत बसणाऱ्या भाषांतरकाराला मात्र तेथे घाई करता येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे पाठ म्हटलेली एक गोष्ट त्या वेळी मला प्रथमच नीट दिसली.

अर्जुनाने युद्ध न करण्याची जी कारणे दिली त्यांतील एकही खोटे नाही. कुलक्षय झाला की कुलधर्म नष्ट होतात, पितरांची पिंडोदकक्रिया थांबते, गुरुजनांस मारून मिळविलेले भोग रक्ताने माखलेले असतात, ही सर्व शास्त्रसंमत विधाने आहेत. पण त्यांचा क्रम पाहावा. प्रथम त्याने सैन्यांत स्वजन पाहिले. मग त्याचे गात्र शिथिल झाले, तोंड कोरडे पडले, हातातून गांडीव गळू लागले. शास्त्र त्याला त्यानंतर आठवले. आधी हात कापले, मग कारणे सापडली. आणि भगवंतांनी उत्तर देताना त्या कारणांचे एकेक करून खंडन केले नाही. ज्या शोकातून ती कारणे निघाली त्या शोकावरच त्यांनी बोट ठेवले.

मी त्या गृहस्थांस एवढेच विचारले की, मुंबईचे नाव निघाले तेव्हा प्रथम काय मनात आले? आईचे औषध की दुसरे काही? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळी दिवा लावल्यावर घर कसे दिसेल, ते आले." त्यांच्या आईची औषधे त्यांची पत्नीही देऊ शकत होती, हे त्यांनीच पुढे सांगितले.

रिकाम्या घराचे भय हा काही अपराध नव्हे. ते प्रेमाचेच एक रूप आहे. अपराध घडतो तो पुढे, जेव्हा त्या भयाला आपण आजीच्या सेवेचे वस्त्र नेसवितो आणि ते मुलीसमोर धर्म म्हणून उभे करतो. मूल भयाशी बोलू शकते, त्याची समजूत घालू शकते. परंतु धर्माचे नाव घेऊन आलेल्या भयाशी त्याला बोलताच येत नाही. त्याला एक तर नमावे लागते किंवा बंड करावे लागते.

हीच कसोटी दूर जाऊ इच्छिणाऱ्यासही लावली पाहिजे. "तेथील रुग्णालय मोठे आहे, अनुभव अधिक मिळेल" हे कारण खरे असू शकते. पण आधी मनात नामांकित संस्थेचा लौकिक, घरच्या शिस्तीपासून सुटका किंवा मैत्रिणींपुढे मिरविण्याची हौस आली आणि रुग्णालय मागाहून आठवले, असे तर नाही? सुखाच्या ओढीलाही शास्त्र सुचते.

दूर जाण्याचा प्रश्न स्वच्छ कसा मांडावा, ह्याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी ह्यांचे वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याचा त्यांचा निश्चय झाला तेव्हा भोवतालच्या समाजाने विचारले की, हे शिक्षण येथे मिळत नाही काय? त्या वेळी आनंदीबाई पती गोपाळराव ह्यांच्यासह बंगालमधील श्रीरामपूर येथे राहत होत्या. 1883 च्या फेब्रुवारीत तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात उभे राहून त्यांनी हे प्रश्न एकेक करून घेतले आणि त्यांची जाहीर उत्तरे दिली. वय अठराही पूर्ण नव्हते. त्यांच्या उत्तरांत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी प्रथम जवळ काय उपलब्ध आहे ते तपासले. मद्रासच्या महाविद्यालयात सोय आहे हे त्यांनी नाकारले नाही. ती आपल्या हेतूस अपुरी का वाटते, हे सांगितले. आणि हेतू कोणता? ह्या देशातील स्त्रियांना स्त्रीवैद्याची गरज आहे, हा. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहू, असे त्यांनी सभेत सांगितले आणि ते पाळले. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. दूरची विद्या जवळच्यांसाठी होती, म्हणून ते अंतर त्यांना आपल्या लोकांपासून तोडू शकले नाही.

पण जवळचे अपुरे आहे, हा निर्णय एकदा झाला की सर्वकाळ खरा, असे समजू नये. मद्रासच्या महाविद्यालयाने 1875 मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता. पुदुक्कोट्टैच्या मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांनी 1912 मध्ये तेथूनच पदवी मिळविली, आणि पुढे 1954 मध्ये अड्यार येथे कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नाने. खुद्द तंजावरात दुसऱ्या सरफोजी महाराजांनी दोनशे वर्षांपूर्वी धन्वंतरी महाल चालविला. नेत्ररोग्यांच्या त्या काळच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेल्या आहेत. त्याच नगरीत 1959 पासून चालत आलेले महाविद्यालय केवळ घराजवळ आहे म्हणून कमी प्रतीचे मानणे, हा अविचार होय. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि एक वर्षाचा रुग्णालयातील अनुभव ही घडण दोहोंकडे सारखीच. आणि ज्या रोग्याची भाषा आपली आहे त्याच्या खाटेशी बसून त्याची व्यथा ऐकणे, ही शिकवणीही लहान नव्हे.

कोणी म्हणेल, जवळ राहून सेवा करण्याचा आदर्श तर पुंडलिकाने घालून दिला. होय, आणि त्याच्यासाठी प्रत्यक्ष परमात्मा विटेवर उभा राहिला. परंतु पुंडलिकाला त्याच्या मातापित्यांनी धर्मवचन सांगून बांधून ठेवले नव्हते. तो स्वतः परतला होता. त्याची सेवा थोर, कारण ती त्याची होती. अठराव्या अध्यायाच्या आरंभी भगवंत सांगतात की, मोहाने केलेला त्याग तामस आणि देहाच्या कष्टाला भिऊन केलेला त्याग राजस. त्यांतून त्यागाचे फळ मिळत नाही. दुसऱ्याने करविलेला त्याग तर त्याग ह्या नावासही पात्र नाही. असा त्याग करणारे मूल घरी राहते, पण त्याचे मन घरी राहत नाही.

आणखी एक विचार. आपण अशा निर्णयांचा न्याय त्यांच्या फळावरून करू लागतो. ह्याच कुंभकोणात वाढलेले रामानुजन 1914 मध्ये आईच्या प्रारंभीच्या विरोधानंतर इंग्लंडला गेले, 1919 मध्ये आजारी होऊन परतले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. आनंदीबाईही परतल्यावर काही महिन्यांतच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, ते काम त्यांच्या हातून व्हावयाचेच राहिले. तेव्हा आईबापांना भीती वाटते ती निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तरीही ते गेले हे चुकले, असे आपल्यापैकी किती जण म्हणतील? फळ आपल्या हाती नाही. निर्णयाच्या क्षणी मन स्वच्छ असणे एवढेच आपल्या हाती आहे. धूर जसा अग्नीला, तसा दोष प्रत्येक कर्मारंभाला वेढून असतो, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. निर्दोष पर्याय शोधीत बसणाऱ्यास कोणताच पर्याय सापडावयाचा नाही.

मग वडीलधाऱ्यांचे कर्तव्य कोणते? ते गीतेच्या शेवटाकडे आहे. अठरा अध्याय सांगून झाल्यावर, जगाचा नियंता आपल्या शिष्याला म्हणतो की, ह्या सर्वाचा काही शिल्लक न ठेवता विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसे कर. ज्याला आज्ञा करण्याचा संपूर्ण अधिकार होता त्याने तो वापरला नाही. आधी संपूर्ण विचार, मग संपूर्ण मोकळीक, असा तो क्रम आहे. विचार न देता मोकळीक देणे ही उपेक्षा. विचार देऊन मोकळीक न देणे हे बंधन. घरातही हेच व्हावे. खर्च, कर्ज, वसतिगृह, आहार, तब्येत, घरातील आजारपण यांपैकी काहीही लपवू नये. आपले भय असेल तर ते भय म्हणूनच सांगावे. आणि सर्व सांगून झाल्यावर थांबावे.

त्या गृहस्थांनी तसे केले. रिकाम्या घराची गोष्ट त्यांनी मुलीला सांगितली. आजवर तिने वडिलांच्या तोंडून असे काही ऐकले नव्हते. मुलीनेही कबूल केले की, घरापासून दूर राहून पाहण्याची हौस तिच्या मनात होती, पण ती गेली तरी मुंबईच्या रुग्णालयात शिकण्याची इच्छा उरतेच. आजीला विचारले, तेव्हा ती म्हणाली की, मला आजवर कोणी विचारलेच नाही. मुलगी मुंबईस गेली. तिने तंजावर निवडले असते तरी ह्या लेखातील विचार बदलण्याचे कारण नव्हते.

गृहस्थ अधूनमधून संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. घर रिकामे वाटते, हे ते आता उघड बोलतात. ते दुःख खरे आहे आणि ते त्यांचे आहे. त्यांनी ते मुलीच्या पदरात धर्म म्हणून बांधून दिले नाही. प्रत्येक गृहस्थाश्रमी पित्याला आणि मातेला हे कधी ना कधी करावे लागते. भगवान् त्यासाठी आपणा सर्वांस बळ देवो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥