सक्तीचे विषय आणि दोन वर्षांची पदवी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत मिळणारी ‘असोसिएट ऑफ आर्ट्स’ ही दोन वर्षांची पदवी साधारणतः ६० क्रेडिटांची असते. त्यांतला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा विद्यार्थ्याने निवडलेल्या विषयाचा नसतो. इंग्रजी निबंधलेखन, गणित, प्रयोगशाळेसह एखादे विज्ञान, इतिहास आणि समाजशास्त्रे, कला आणि मानव्यविद्या अशा ठरवून दिलेल्या क्षेत्रांत ही क्रेडिटे मिळवावी लागतात. या भागाला ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात. विद्यार्थ्यांच्या तोंडी तो ‘जेन-एड’ होतो, आणि त्याच्यापुढे बहुधा ‘एकदाचे उरकून टाकायचे’ हेच क्रियापद येते. कॅलिफोर्नियात २०२५ च्या शरद सत्रापासून लागू झालेल्या सामायिक आराखड्यात असे ११ अभ्यासक्रम आणि किमान ३४ क्रेडिटे आहेत. टेक्सासमध्ये हा गाभा ४२ क्रेडिटांचा असून त्यांतली ६ अमेरिकेच्या इतिहासाची आणि ६ शासनव्यवस्थेची असतात.

वरकरणी हे सारे कार्यालयीन कामकाज वाटते. पहिल्या दोन वर्षांची क्रेडिटे पुढच्या विद्यापीठाने मान्य करावीत, तेच विषय पुन्हा घ्यावे लागू नयेत, म्हणून अशा याद्या होतात हे खरेही आहे. पण क्रेडिटे कशी मान्य व्हावीत एवढे ठरल्याने मुळात विषय सक्तीचे का, याचे उत्तर मिळत नाही. तो प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. मतदान करणाऱ्या, कर भरणाऱ्या, पुष्कळदा मुलाबाळांच्या सज्ञान माणसाला त्याने न मागितलेले ज्ञान घ्यायला लावण्याचा अधिकार कोणाला, आणि कशाच्या बळावर? केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून सज्ञान माणसावर बळजबरी करता येत नाही, अशी कसोटी जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’त घालून दिली. त्याच मिलने १८६७ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या भाषणात व्यापक शिक्षणाची जोरदार बाजू मांडली, ही गोष्ट वेगळी. कॉलेजात येणे ऐच्छिक आहे, मग बळजबरी कसली, असेही म्हणता येईल. परंतु पदवीवाचून बऱ्या पगाराची नोकरी मिळत नसेल, तर हा ऐच्छिकपणा कागदावरच राहतो.

प्राचीन परंपरेला हा प्रश्न फारसा पडला नाही. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात स्वतंत्र नागरिकाला शोभणारे शिक्षण आणि हाताने काम करणाऱ्याचे शिक्षण यांच्यात रेघ ओढली. उपयोगाच्या गोष्टी स्वतंत्र माणसानेही शिकाव्यात, पण त्यांत इतके गुंतू नये की तो कारागीर होऊन बसेल, असे त्याचे म्हणणे. सेनेकाने लुसिलियसला लिहिलेल्या ८८ व्या पत्रात व्याकरण, संगीत, भूमिती या रूढ विद्यांना पूर्वतयारीपलीकडे किंमत दिली नाही. माणसाला मोकळे करते ते शहाणपण, असे तो म्हणतो. दोघांच्याही डोळ्यांसमोरचा विद्यार्थी फुरसत असलेला होता. राबणारे दुसरे होते, आणि त्यांत गुलाम पुष्कळ होते. दोन वर्षांची पदवी तात्त्विकदृष्ट्या विचार करण्याजोगी ठरते ती इथे. रिकामा वेळ असणाऱ्यांसाठी कल्पिलेली विद्या ती रात्रपाळी करून वर्गात येणाऱ्यापुढे ठेवते, आणि तीही अट म्हणून.

या पदवीचा जन्म मात्र समतेच्या विचारातून झालेला नाही. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना पहिल्या दोन वर्षांचे सर्वसाधारण शिक्षण विद्यापीठाच्या खऱ्या कामापासून, म्हणजे संशोधनापासून, वेगळे काढायचे होते. त्यांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे हायस्कूललाच जोडून वरच्या वर्गांची सोय झाली. पहिल्या तुकडीत ६ विद्यार्थी होते. जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे आजही चालू असलेले अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज होय. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने या संस्थांना लोकशाहीच्या कामाला जुंपले. सर्वसाधारण शिक्षण हा नागरिकत्वाचा पाया आहे ही भूमिका तिथून रूढ झाली. त्याआधी दोनच वर्षे हार्वर्डच्या समितीचा, लाल वेष्टनामुळे ‘रेडबुक’ म्हणून ओळखला जाणारा अहवाल याच विषयावर आला होता. गंमत अशी की, याच हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासूनच्या आपल्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले होते. शतक संपता संपता निबंधलेखन सोडले तर जवळपास काहीच बंधनकारक उरले नव्हते.

सक्तीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद झाले त्यांतला सर्वांत जुना मनाच्या व्यायामाचा. येल कॉलेजच्या १८२८ च्या अहवालाने ग्रीक, लॅटिन आणि गणित यांनी बुद्धी घडते, मग ती कुठेही चालवता येते, असा दावा केला. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये, म्हणजे जोलिएटच्याच वर्षी, प्रयोगांनी दाखवले की एका कामातला सराव दुसऱ्या कामात फार कमी उतरतो. तेव्हापासून हा युक्तिवाद लंगडा झाला, तरी कॉलेजांच्या माहितीपुस्तिकांत ‘चिकित्सक विचारशक्ती’ या नावाने तो अजून वावरतो.

दुसरा युक्तिवाद अधिक कसदार आहे. ज्या गोष्टीची ओळखच नाही ती माणूस निवडणार कशी? प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात हाच पेच आहे: जे ठाऊक नाही त्याचा शोध घ्यायचा तरी कसा? भूगर्भशास्त्र म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याची भूगर्भशास्त्र न घेण्याची निवड ही निवड म्हणण्याच्या लायकीची नाही. म्हणून आधी थोडी सक्ती, म्हणजे पुढची निवड डोळस होईल. पण हा युक्तिवाद गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतो. अनोळखी विषय हजारो आहेत आणि याच तर्काने त्यांतला कोणताही गळ्यात मारता येईल. नेमके हेच पाच-सहा का, यावर तो गप्प आहे.

तिसरा आधार नागरिकत्वाचा. जॉन ड्युई यांनी १९१६ च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये मोकळे शिक्षण वरच्यांना आणि धंदेशिक्षण खालच्यांना, ही वाटणीच लोकशाहीला मारक ठरवली. ज्याच्या मतावर कायदे होतात त्याला त्या कायद्यांमागची कारणे तपासता आली पाहिजेत. अज्ञानी नागरिक केवळ स्वतःचे नुकसान करत नाही, इतरांचेही करतो, त्यामुळे मिलची कसोटीही इथे आड येत नाही. मराठी वाचकाला या विचाराची नाळ जवळची वाटेल: डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात ड्युईंचे विद्यार्थी होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये हाच वाद त्याआधी पेटला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांचा भर हातच्या कौशल्यावर होता, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये त्याला हरकत घेतली, कारण वंचितांना फक्त कसब देणे म्हणजे त्यांची जागा आधीच ठरवून टाकणे. तीन आधारांपैकी हा एकटाच सक्तीचा भार पेलतो. मात्र तो पेलताना तो अटीही घालतो, आणि प्रत्यक्षातले अभ्यासक्रम त्या अटींना अनेकदा उतरत नाहीत.

गणिताचेच उदाहरण पाहावे. प्रवेशाच्या वेळी चाचणी होई आणि कमी गुण पडले की विद्यार्थ्याला अंकगणित, पूर्व-बीजगणित, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित अशा उतरंडीवर कुठेतरी बसवले जाई. प्रत्येक पायरीला एक सेमिस्टर, फी आणि पुस्तके. पदवीच्या गणितात त्यांतले काही धरले जात नसे. सर्वांत खालून सुरुवात करणाऱ्याची दीड-दोन वर्षे पदवीच्या उंबरठ्याबाहेरच जात, आणि फार मोठ्या संख्येने विद्यार्थी तिथूनच परतत. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच लिहिले होते की ही कॉलेजे सगळ्यांना आत घेतात आणि मग अनेकांच्या आकांक्षा हळूहळू थंड करतात. राज्यशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू हॅकर यांनी २०१२ मध्ये बीजगणित आवश्यक आहे का, असा जाहीर सवाल केला. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने या पूर्वतयारीच्या वर्गांना मोठी कात्री लावली, आणि बऱ्याच कॉलेजांत बीजगणिताऐवजी संख्याशास्त्राची वाट खुली झाली. नागरिकत्वाच्या कसोटीवर हे बरोबरच आहे. मतदार पाहणीतल्या टक्क्यांचा किंवा औषधाच्या चाचणीचा अर्थ लावायला संख्याशास्त्र लागते. द्विपदीचे अवयव पाडणे त्या कामाला येत नाही. बीजगणिताची सक्ती टिकली ती चाळणी म्हणून, आणि चाळणीला तात्त्विक समर्थन नसते.

मानव्यविद्यांच्या बाजूला उलटा दोष आहे. तिथे अट इतकी सैल असते की नीतिशास्त्राचा परिचय, चित्रपटाचा रसास्वाद आणि रॉक संगीताचा इतिहास एकाच रकान्यात बसू शकतात. रकाना भरला की काम झाले. पण इतकी पर्यायी यादी देऊन ‘प्रत्येक नागरिकाला हे हवेच’ असे म्हणणे विसंगत आहे, कारण ‘हे’ म्हणजे काय तेच ठरलेले नाही.

सक्तीवरचा सर्वांत खोल आक्षेप मात्र प्लेटोचा आहे. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात तो सॉक्रेटिसच्या तोंडून सांगतो की स्वतंत्र माणसाने कोणतीही विद्या गुलामासारखी शिकू नये, बळाने केलेल्या श्रमाने शरीराचे बिघडत नाही, पण बळाने शिकवलेले मनात ठरत नाही. हे बोलणे लहान मुलांच्या शिक्षणाविषयी असले तरी प्रौढाला ते अधिकच लागू पडते. आता याच भागात थोडे आधी गुहेचे रूपक येते, आणि तिथे साखळ्या सुटलेल्या कैद्याला खडकाळ चढणीवरून बळेच ओढत उजेडात आणले जाते. भाष्यकारांनी ही विसंगती नाना तऱ्हांनी सोडवली आहे. त्यांतला पटणारा अर्थ असा: ओढणे चढणीपुरते आहे, पाहणे कैद्याच्याच डोळ्यांनी व्हायचे आहे. वर्गात बसवता येते, समजून घ्यायला लावता येत नाही. म्हणून सक्तीचा अभ्यासक्रम समर्थनीय ठरायचा तर त्याने विद्यार्थ्याला खुद्द त्या सक्तीचीच कारणे मागण्याइतके समर्थ केले पाहिजे. तीनशे जणांच्या व्याख्यानानंतर बहुपर्यायी प्रश्नांना खुणा करून हे घडत नाही.

घडू शकते कसे, याचा एक नमुना न्यूयॉर्कमध्ये आहे. लेखक अर्ल शॉरिस यांनी १९९५ मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात गरीब प्रौढांसाठी ‘क्लेमेंट कोर्स’ सुरू केला. नीतिदर्शन, तर्कशास्त्र, अमेरिकेचा इतिहास, कलेचा इतिहास आणि काव्य असे विषय, फी नाही, लहान वर्ग, आणि शिकवण्याची रीत सॉक्रेटिसची, प्रश्नोत्तरांची. विषयांत निवड अजिबात नव्हती. तरी तिथे सक्तीची तक्रार उभी राहत नाही, कारण येणारा काय वाढून ठेवले आहे हे जाणून येतो आणि न आल्याने त्याची नोकरीची दारे बंद होत नाहीत. यावरून दोन गोष्टी वेगळ्या करता येतात: ठरलेला पाठ्यक्रम आणि अडवणूक. जेन-एडच्या टीकाकारांचा खरा राग बहुधा दुसऱ्या गोष्टीवर असतो, पण ते बोलतात पहिलीविरुद्ध.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. मात्र बाहेर पडणाऱ्यासाठी घातलेली जादा अट ४ श्रेयांकांच्या कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा इंटर्नशिपची आहे. लवकर निघणाऱ्याला कामाचे काहीतरी हातात हवे, असा तिचा कल. ड्युई आणि ड्यू बॉइस यांचे तर्क नेमके उलट दिशेला जातात: ज्याच्या वाट्याला वर्गातली दोनच वर्षे येणार, त्यालाच इतिहास आणि तर्कशास्त्र जास्त हवे, कारण पुन्हा संधी येईलच असे नाही.

राहता राहिला प्रश्न यादी कोणी करायची याचा. नागरिकत्व हा आधार मानला की सरकार पुढे सरसावते, आणि तो दावा अगदीच निराधार नाही. सार्वजनिक कॉलेजे लोकांच्या करांवर चालतात. पण ज्या सत्तेची पारख नागरिकाला करता यावी म्हणून हे शिक्षण द्यायचे, तीच सत्ता पारखण्याची साधने निवडू लागली तर आधारच पोखरला जातो. फ्लॉरिडाच्या शिक्षण मंडळाने जानेवारी २०२४ मध्ये समाजशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम राज्यातील २८ सरकारी कॉलेजांच्या गाभ्यातून काढला आणि त्या जागी अमेरिकेच्या इतिहासाचा घातला. समाजशास्त्रावर बंदी आलेली नाही, ते ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. मात्र ६० क्रेडिटांत जनरल एज्युकेशनचीच ३६ जात असतील, तर उरलेल्यांतली ३ त्यावर खर्च करणे अनेकांना परवडत नाही. प्राध्यापकांच्या हाती यादी दिली तर प्रत्येक विभाग आपापली विद्यार्थिसंख्या राखायला बघतो, हेही तितकेच जुने दुखणे आहे. निर्णय प्राध्यापकांचा, त्याची कारणे लेखी आणि जाहीर, आणि विधिमंडळाला ती विचारण्याचा अधिकार पण बदलण्याचा नाही, अशी वाटणी त्यातल्या त्यात निभावते.