बुधादित्य

नांदगावला आजीने माझ्या प्रमोशनचे पेढे देवापुढे ठेवले. म्हणाली, "दशमात रवी-बुध आहेत रे तुझ्या. नाव होणारच होतं."

मला राग आला. तीन वर्षं रात्री जागलो मी, आणि श्रेय बुधादित्य योगाला!

मुळात बुध आकाशात सूर्यापासून साधारण २८ अंशांपलीकडे दिसतच नाही. त्यामुळे ही युती ढिगाने पत्रिकांत सापडते. मुरूडजवळच्या याच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिलं. त्रिकोणमितीची कोष्टकं टाळून ग्रह कसे काढायचे, हे त्यात आहे. (आमच्या भाषेत, जबरदस्त ऑप्टिमायझेशन.) ग्रह कुठे आहे ते गणित सांगतं. नोकरी कुणाची टिकेल, ते नाही.

सोबत टीममधला मित्र आला होता. मला प्रमोशन मिळालं त्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. कोड माझ्याइतकाच चांगला लिहायचा. आजीने त्याचीही पत्रिका मागितली. तोच योग निघाला.

"शनी आड आला बाळा. तुझी काही चूक नाही."

तो ओटीवर बसून रडला. ऑफिसात त्याला हे कुणीच म्हणालं नव्हतं. मीही नाही.

कारण त्याची चूक नाही म्हटलं, तर माझं कर्तृत्व किती, हेही मोजावं लागलं असतं.