मोटारीची पट्टी

एका गावात एक शेतकरी होता. दीड एकर रान, एक विहीर आणि विहिरीच्या काठावर बसवलेली तीन एचपीची मोटार, एवढ्यावर त्याचा संसार चालला होता. त्या साली त्याने सगळ्या रानात उन्हाळ कांदा लावला होता. कांदा पोसायला लागला होता. आता पाण्याला खंड पडून चालणार नव्हतं.

त्या आठवड्यात थ्री-फेज लाइट रात्रीची होती. एका रात्री तो दारं धरत असताना पाटातलं पाणी कमी झालं. मोटार घुमायला लागली. वाफे ओलांडत तो विहिरीकडे धावला, पण पोचेपर्यंत जळका वास सुटला होता. त्याने स्टार्टर बंद केला. मोटारीच्या अंगाला हात लावता येत नव्हता.

सकाळी शेजाऱ्याच्या टेम्पोत मोटार घालून तो तालुक्याच्या गावी गेला. एसटी स्टँडजवळ वाइंडिंगचं दुकान होतं. दुकानदाराने मोटारीचा वास घेतला आणि म्हणाला, “जळाली. भरावी लागेल. तीन हजार चारशे होतील. पण माझ्याकडे आधीच्या सहा मोटारी पडल्यात. पाच दिवस लागतील.”

पाच दिवस थांबणं शक्य नव्हतं. शेतकरी बाजारपेठेमागच्या गल्लीत दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. या मिस्त्रीने मोटार खाली उतरवून घेतली, बोल्ट सोडले, झाकण काढलं आणि बॅटरीच्या उजेडात आत बराच वेळ पाहिलं. मग त्याने मनाशी हिशोब केला आणि एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. ४,६५०.

“परवा सकाळी घेऊन जा,” तो म्हणाला.

शेतकऱ्याने चिठ्ठी खिशात घातली आणि मोटार तिथेच ठेवली. दुसरा इलाज नव्हता. पण मनात साडेबाराशे रुपयांचा फरक सलत राहिला. गावात आल्यावर पारावर माणसं बसली होती. त्याने त्यांना सगळं सांगितलं. “अडला हरी म्हणतात ते हेच,” तो म्हणाला. “माझी नड बघितली आणि हवा तो आकडा लिहिला. त्या मिस्त्रीकडे कुणी जाऊ नका.” माणसांनी माना डोलावल्या. मिस्त्री लोक असेच, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने आपल्या ट्रॅक्टरची गोष्ट काढली. बघता बघता त्या मिस्त्रीचं नाव गावात खराब झालं.

रात्री जेवताना त्याने तीच गोष्ट बायकोला सांगितली. ती काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर तिने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात बाजार समितीतल्या कांद्याच्या पट्ट्या वर्षावर्षाने दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या.

“अहो, मागच्या साली आडत्याने ही पट्टी दिली, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?”

“वाचली होती.”

“कशी वाचली होती?”

त्याला आठवलं. गोण्या किती, वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, एकेका ओळीवर बोट ठेवत त्याने पट्टी वाचली होती. तोलाई दोनदा लागली होती. त्याने ती ओळ दाखवली. आडत्याने पट्टी पाहिली, चूक झाली म्हणाला आणि पैसे परत केले.

“तेव्हा तुम्ही त्याला चोर म्हटलं नाही,” बायको म्हणाली. “अजून आपला माल त्याच्याकडेच जातो. मग या चिठ्ठीवर एकच आकडा आहे. त्यात काय काय आलं, हे न वाचताच तुम्ही माणसाला लुटारू ठरवलंत. आधी पट्टी तर मागा. वाचा. मग काय ते म्हणा.”

शेतकरी गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तो तालुक्याला गेला.

मिस्त्री नुकतंच दुकान उघडत होता. जळकी वाइंडिंग अजून मोटारीतच होती. शेतकरी बाकावर बसला. विचारायचं ठरवून आला होता, पण जिभेला जुनी सवय होती. तो म्हणाला, “मिस्त्री, चार हजारात करा.”

“कुठून कमी करू?” मिस्त्रीने विचारलं.

“म्हणजे?”

“तार बारीक घातली की पैसे कमी होतात. फेरे कमी घातले की कमी होतात. वॉर्निश एकदाच मारलं तरी कमी होतात. बाहेरून मोटार तशीच दिसेल आणि आज पाणीही काढील. यातलं काय कमी करू ते तुम्ही सांगा.”

शेतकऱ्याला उत्तर सुचलं नाही. थोडा वेळ तसाच गेला. मग तो म्हणाला, “कमी नका करू. पण चार हजार सहाशे पन्नास कशाचे, ते मला दाखवा. मला यातलं कळत नाही. तुम्ही दाखवलं तर कळेल.”

मिस्त्रीचा चेहरा आधी आक्रसला. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि शेतकऱ्याकडे नीट पाहिलं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर भांडण नव्हतं.

“या इकडे,” तो म्हणाला.

त्याने मोटार उजेडात ओढली. “ही बघा कॉइल. तीन फेजच्या तीन जागा. दोन फेजच्या कॉइली कोळशासारख्या झाल्यात. तिसऱ्या फेजची कॉइल जशीच्या तशी आहे. तिन्ही सारख्या जळल्या असत्या, तर मी म्हटलं असतं मोटारीवर ओझं जास्त आलं, नाहीतर व्होल्टेज कमी होतं. दोन जळल्या आणि एक शाबूत राहिली, म्हणजे चालत्या मोटारीचा एक फेज गेला. डीपीवरचा फ्यूज उडाला असेल. उरलेल्या दोन फेजवर सगळा भार आला.”

“रात्री धार बारीक झाली होती,” शेतकरी म्हणाला. “मोटार घुमत होती.”

“तेच. तुमच्या स्टार्टरचा रिले चालू आहे का?”

शेतकरी जरा थांबला. “तो सारखा ट्रिप व्हायचा. म्हणून गावातल्या वायरमनकडून डायरेक्ट करून घेतला.”

“तो तुमची मोटार वाचवायला ट्रिप होत होता,” मिस्त्री म्हणाला. “आधी तो नीट करा आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या. एक फेज गेला की तो मोटार बंद करतो. नाहीतर मी कितीही चांगली भरली तरी तुम्ही पुन्हा याल.”

मग त्याने एक कोरा कागद घेतला आणि ओळीने लिहायला सुरुवात केली.

पहिली ओळ तांब्याच्या तारेची. अडीच किलो, २,५०० रुपये. मिस्त्रीने तारेचं रीळ काट्यावर ठेवून वजन दाखवलं. “काम झालं की पुन्हा ठेवू. जेवढं कमी भरेल तेवढी तार तुमच्या मोटारीत गेली.” मग त्याने तारेचं टोक ब्लेडने खरवडलं. आत लाल तांबं चमकलं. “ॲल्युमिनियमच्या तारेवरही असाच तांबूस मुलामा असतो. वरून ओळखू येत नाही. खरवडली की पांढरी निघते. आणि तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, म्हणून काटा खोटं बोलू देत नाही.”

दुसरी ओळ खाचांत घालायचा कागद, स्लीव्ह आणि वॉर्निश, ३५० रुपये. तिसरी ओळ दोन बेअरिंग, ५०० रुपये. चौथी ओळ मजुरी, १,३०० रुपये.

“जुनी बेअरिंग दाखवाल का?” शेतकऱ्याने विचारलं.

मिस्त्रीने दोन्ही बेअरिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली. शेतकऱ्याने एक फिरवलं. ते खरखरत अडलं. दुसरं फिरवलं. ते गुळगुळीत फिरलं. त्याने काही न बोलता ते मिस्त्रीपुढे धरलं. मिस्त्रीने ते कानाजवळ नेऊन फिरवलं, हलवून पाहिलं, पुन्हा फिरवलं.

“हे चालेल,” तो म्हणाला. “मी सवयीने दोन्ही लिहिली होती.” आणि त्याने तिसऱ्या ओळीवर काट मारून २५० लिहिलं.

शेतकऱ्याने शेवटचा प्रश्न विचारला. “आणि यातलं जुनं तांबं?”

“ते तुमचं. काढलं की तुमच्यासमोर तोलतो. मोडीच्या भावाने मला द्या, नाहीतर पिशवीत घालून घरी न्या.”

शेतकरी दिवसभर तिथेच बसला. मिस्त्रीने जुन्या कॉइली कापल्या, पण त्याआधी शाबूत राहिलेल्या कॉइलचे फेरे मोजले, तारेची जाडी मोजली आणि वहीत लिहून ठेवली. खाचा घासून साफ केल्या. नवा कागद घातला. एकेक कॉइल हाताने बसवली, बोटाने दाबली, दोऱ्याने बांधली. दुपारी डबा खाण्यापुरता तो उठला. संध्याकाळ झाली तेव्हा त्याची बोटं लाल झाली होती आणि पाठ सरळ होत नव्हती. मजुरीची ओळ शेतकऱ्याने मनातल्या मनात पुन्हा वाचली. तिच्यावर बोट ठेवावं असं त्याला वाटलं नाही.

जुनं तांबं दोन किलो तीनशे ग्रॅम भरलं. त्या दिवशी मोडीचा भाव साडेपाचशे होता. १,२६५ रुपये वजा झाले. रीळ पुन्हा काट्यावर ठेवलं, तेव्हा ते अडीच किलोने कमी भरलं. बेअरिंगचे अडीचशे आधीच गेले होते. मिस्त्रीने खाली रेघ मारून ३,१३५ लिहिलं. मग मोटारीवर वॉर्निश मारलं आणि ते वाळावं म्हणून आत मोठा बल्ब पेटवून ठेवला. सकाळी दुसरा हात मारायचा होता.

घरी जाताना शेतकरी स्टँडजवळच्या पहिल्या दुकानात थांबला. “काल तुम्ही तीन हजार चारशे म्हणालात,” तो म्हणाला. “त्यात बेअरिंग आली होती का?”

“नाही. ती लागली तर वेगळी,” दुकानदार म्हणाला.

“आणि जुनं तांबं?”

“ते दुकानात राहतं. ते धरूनच मी भाव सांगतो. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

शेतकऱ्याने मान हलवली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. शेतकऱ्यानेच दोन आकडे शेजारी ठेवले होते आणि त्यांच्या पोटात काय आहे ते पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मोटार नेली. पैसे देताना मिस्त्री म्हणाला, “भाऊ, माझ्याकडे रोज माणसं येतात. काहीजण आकडा ऐकून निम्म्यावर मागतात. काहीजण मुकाट पैसे देतात आणि बाहेर जाऊन चोर म्हणतात. दाखवा म्हणणारा क्वचित येतो. असा माणूस समोर बसला की माझाही हात नीट चालतो.”

त्या रात्री कांद्याला पाणी मिळालं. त्या आठवड्यात स्टार्टरचा रिले दुरुस्त झाला आणि प्रिव्हेंटरही बसला. शेतकऱ्याने आणखी एक काम केलं. तो पारावर गेला आणि ज्या माणसांसमोर त्याने मिस्त्रीला नावं ठेवली होती, त्यांच्यासमोरच ती परत घेतली. कागद काढून ओळी वाचून दाखवल्या.

काही दिवसांनी एक शेजारी त्याच्याकडे आला. “माझी मोटार जळाली. तीन एचपीला रास्त दाम किती?”

शेतकऱ्याने आकडा सांगितला नाही. तो म्हणाला, “कशामुळे जळाली ते विचार. काय काय घालणार ते लिहून घे. काढलेलं सामान पाहा आणि जुनं तांबं कुणाकडे राहणार ते ठरव. हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी विचार. नंतर विचारलंस तर भांडणच होईल.”

दुरुस्तीचा दाम रास्त आहे की नाही, हे नुसत्या आकड्याकडे बघून कळत नाही. मोठा आकडा खरा असू शकतो, लहान आकड्यातही आपलं काही निघून गेलेलं असू शकतं. आपल्याला त्या कामातलं कळत नाही, म्हणून आपण भितो. भीतीपोटी एकतर घासाघीस करतो, नाहीतर संशय घेतो, आणि दोन्हींत कष्ट करणाऱ्या माणसाचा मान जातो. ज्याचं आपल्याला कळत नाही त्याच्याकडून ते समजून घ्यायला पैसे लागत नाहीत, थोडा वेळ आणि सरळ मन लागतं. चांगल्या कारागिराला अशा प्रश्नाचा राग येत नाही. त्याच्याकडून नकळत राहिलेली चूकही त्या प्रश्नाने सुधारते. आणि जो दाखवायला तयार होत नाही, त्याच्या दुकानातून मोटार परत उचलून आणायला आपण मोकळे असतो.